वाद रकान्याचा नव्हे, नोंदीचा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आगामी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला, तेव्हापासून वाचकपत्रांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, जात, धर्म, मातृभाषा असले काही विचारूच नका, ‘भारतीय’ लिहा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, मोजल्याशिवाय वाटा मिळत नाही, तेव्हा सगळे विचारा. भांडण चालले आहे ते विचारावे की नाही यावर. तो निर्णय झालेला आहे आणि लोकसंख्या गणनेचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. माणूस दारात जे सांगतो आणि शेवटी तक्त्यात जे छापले जाते, त्यांच्यामध्ये बरेच हात लागतात. घोळ होतो तो तिथे, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेचे काय झाले ते आधी पाहू. १९३१ च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ मध्ये ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली. महाराष्ट्र सरकारने ही आकडेवारी मागितली, तेव्हा केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. त्यानुसार राज्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून अधिकृत नावे ४९४, आणि गणनेत आलेली नावे ४,२८,६७७. त्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक नावांखाली शंभर माणसेसुद्धा नव्हती. राज्यातल्या १०.३ कोटी लोकांपैकी सुमारे १.१७ कोटी, म्हणजे अकरा टक्के, ‘जात नाही’ या सदरात पडले. महाराष्ट्रात दर नवव्या माणसाने जात टाकून दिली असती तर आनंदच होता. पण यातल्या पुष्कळांना नीट विचारले गेले नसावे, असे मानणेच शहाणपणाचे.

चार लाख नावे आली कुठून? रकाना मोकळा होता आणि कानावर पडेल ते टंकले गेले. कोणी आडनाव सांगितले, कोणी कूळ, कोणी पोटजात, कोणी पिढीजात धंदा. ‘पाटील’ हे उत्तर जळगावात लेवा पाटीदाराचे असते, उरणमध्ये आगऱ्याचे आणि साताऱ्यात मराठ्याचे. ‘मराठा कुणबी’ आणि ‘कुणबी मराठा’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावे. मध्ये आडवी रेघ दिली की आणखी दोन. रोमन लिपीत टंकले तर ‘ळ’ जातो, मग कोळी आणि कोली यांत फरक उरत नाही. वाणीचे स्पेलिंग एक जण ‘व्ही’ने करतो, दुसरा ‘डब्ल्यू’ने. त्याच प्रतिज्ञापत्रात केरळमधल्या मोपला समाजाचे उदाहरण आहे: नावाचे स्पेलिंग चाळीस प्रकारे झाले आणि चाळीस जाती तयार झाल्या.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे तयार यादी. प्रगणकाने, म्हणजे घरोघरी नोंद घेणाऱ्याने, मोबाइलवर दोन अक्षरे टंकायची आणि खाली आलेल्या नावांतून एक निवडायचे. पण मुंबईत ही यादी कशी फसेल ते बघा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींत ‘ठाकूर’ आहे. क ठाकूर आणि म ठाकूर त्याच नोंदीत येतात. रायगड-ठाण्याकडे ठाकूर हे आगऱ्यांतही आडनाव आहे. आणि कांदिवलीच्या एखाद्या इमारतीत उत्तर प्रदेशातले राजपूत कुटुंब जात विचारल्यावर सरळ ‘ठाकूर’ सांगते. प्रगणकाने ‘ठा’ टंकले, यादीत ठाकूर दिसले, बोट टेकवले, की ते कुटुंब अनुसूचित जमातीत जमा. यात कोणीही खोटे बोललेले नाही. मोकळ्या रकान्यातली अशी चूक निदान मागून सापडते, कारण मूळ शब्द शिल्लक असतो. यादीतून निवडलेल्या नावामागे काय सांगितले होते ते कायमचे पुसले जाते. बिहारच्या २०२३ च्या सर्वेक्षणात तर तृतीयपंथीयांना जातींच्या यादीतच २२ क्रमांक देऊन टाकला होता. लिंगाचा प्रश्न जातीच्या रकान्यात शिरला, तो यादी करणाऱ्यांच्या टेबलावर.

कोळीवाड्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. वरळी, माहीम, वेसावे, मढ इथला माणूस विचारल्यावर ‘कोळी’ म्हणतो आणि थांबतो. त्याच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालेले असते. सरकारी यादीत मात्र महादेव कोळी, मल्हार कोळी, ढोर कोळी, टोकरे कोळी अनुसूचित जमातींत आहेत आणि मच्छीमार कोळी राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात. ‘कोळी’च्या आधीचा शब्द गाळला की प्रवर्ग बदलतो. न्यायालये या बाबतीत अक्षराला अक्षर लावतात. कोष्टी म्हणजे अनुसूचित जमातीतले हलबाच, या दाव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले की अनुसूचित जमातींची यादी जशी आहे तशीच वाचायची; यादीतल्या एका नावात दुसरे नाव येते की नाही याचा पुरावा घेत बसायचे नाही. धनगर आणि त्याच यादीतले ‘धनगड’ एकच, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. त्या मागणीच्या बऱ्या-वाईटात इथे शिरत नाही. पण एका अक्षरावर एवढे अवलंबून असेल, तर ते अक्षर लिहिणाऱ्याला थोड्याशा प्रशिक्षणावर सोडून चालेल का?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोक उत्तरे बदलतात. जनगणनेत सांगितलेली जात म्हणजे जातीचा दाखला नव्हे. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत. तिथे काही सांगितल्याने आरक्षण मिळत नाही आणि असलेले जातही नाही. दाखल्याची वाट निराळी आहे. त्यासाठी महाराष्ट्राचा २००० चा कायदा आहे, पडताळणी समिती आहे, आणि महसुली किंवा शाळेचा जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. मुंबईत दोन पिढ्या काढलेल्यांची इथेच दमछाक होते, कारण हा कागद गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये किंवा तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि वडिलांच्या मुंबईतल्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसते ‘हिंदू’ असते. परराज्यातून आलेल्यांचे तर आणखी कठीण. आंध्रात अनुसूचित जमातीत असलेल्या कुटुंबातल्या, पण मुंबईत शिकलेल्या विद्यार्थ्याला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशात त्या जमातीचा लाभ मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले. माणूस तोच, घराणे तेच. राज्याची सीमा ओलांडली की प्रवर्ग मागे राहतो. सिद्दींचेही तसेच. कर्नाटकात आणि गुजरातच्या काही जिल्ह्यांत ते अनुसूचित जमातीत आहेत, आणि ज्यांनी जंजिरा राखला त्यांच्या महाराष्ट्रात नाहीत.

बौद्धांच्या बाबतीत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. २०११ मध्ये देशातल्या ८४.४ लाख बौद्धांपैकी ६५.३ लाख महाराष्ट्रातले होते. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले जाते, ते बरोबरच आहे. नंतर जातीच्या प्रश्नालाही बरेच जण स्वाभिमानाने ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ सांगतात. १९५६ ला धर्म बदलला तो जात टाकण्यासाठीच. मग ती पुन्हा का उच्चारायची? त्या भावनेपुढे बोलण्यासारखे काही नाही. हिशेब मात्र असा आहे: १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या माणसाने बौद्ध धर्म स्वीकारला तरी त्याचा दर्जा टिकतो, पण अनुसूचित जातींच्या यादीत जातींची नावे आहेत, ‘बौद्ध’ हे नाव नाही. नुसते ‘बौद्ध’ लिहिले तर तो माणूस अनुसूचित जातींच्या लोकसंख्येतून गळतो, आणि राखीव मतदारसंघ त्याच लोकसंख्येवर ठरतात. ज्याला जात सांगायची नाही त्याने जरूर सांगू नये, पण हा परिणाम ठाऊक असताना. ‘जात कोणती मानता’ आणि ‘अनुसूचित यादीतल्या कोणत्या समाजातून आलात’ हे दोन प्रश्न वेगळे विचारले असते, तर त्याच्यावर ही निवड लादली गेली नसती.

आता मातृभाषा. मुंबईत यावरून दर काही महिन्यांनी रान पेटते. २०११ च्या जनगणनेत शहर आणि उपनगर मिळून मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख होते आणि हिंदी सांगणारे सुमारे ३६ लाख. हे आकडे भाषणांत फेकले जातात, पण बनतात कसे हे कोणी पाहत नाही. देशभरातून मातृभाषेची १९,५६९ नावे आली होती. छाननीनंतर १,३६९ राहिली, दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या मातृभाषा २७० भरल्या, आणि त्या १२१ भाषांखाली लावल्या गेल्या. भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, गढवाली या हिंदीखाली जमा होतात. उलट अहिराणी ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली जाते आणि मालवणी कोकणीखाली. म्हणजे जौनपूरहून आलेल्याने घरची भोजपुरी सांगितली तरी ती बेरीज हिंदीची होते, आणि धुळ्याहून आलेल्याने अहिराणी सांगितली की ती मराठीच्या बेरजेतून बाहेर पडते. यात कारस्थान शोधायची गरज नाही. हे भाषाशास्त्रीय वर्गीकरणाचे जुने नियम आहेत. पण मुंबईतल्या मराठी टक्क्यावर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? अहिराणी किंवा मालवणी माणसाने ‘मराठी लिहा’ म्हणावे असा याचा अर्थ मुळीच नाही. लहानपणी आई ज्या भाषेत बोलत होती ती सांगायची, ही व्याख्या आहे. तिच्यापुढे आणखी दोन भाषा नोंदवायची सोय असते. तिथे मराठी सांगायला विसरू नये. प्रगणक घाईत तो प्रश्न गाळतात.

नावामुळे समाजच दिसेनासा होण्याची उदाहरणे या शहरात कमी नाहीत. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव साष्टी-वसईच्या मूळच्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये संघटना काढताना स्वतः घेतले. गोवा-मंगळूरहून येणाऱ्या ख्रिश्चनांहून आपण वेगळे, इथले भूमिपुत्र, हे त्यांना ब्रिटिश सरकारच्या नोकऱ्यांसाठी दाखवायचे होते. आज धर्माच्या रकान्यात ते ख्रिश्चन, मातृभाषेत मराठी, आणि तक्त्यात ईस्ट इंडियन कुठेच नाहीत. पारशांचे उलटे: तिथे व्याख्या फार काटेकोर. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९०८ च्या निकालाने झरतुष्ट्री धर्म आणि पारशी समाज वेगळे केले, आणि पारशी बापाची मुले समाजात येऊ शकतात असे म्हटले. आईकडून येणाऱ्यांसाठी ते दार उघडले नाही. २०११ मध्ये पारशी ५७,२६४ भरले, दहा वर्षांपूर्वी ६९,६०१ होते. ‘लोकसंख्या घटते आहे’ असे म्हणताना कोणाला धरले आणि कोणाला सोडले हे आधी विचारायला हवे. धर्माच्या प्रश्नाला सहा धर्मांचे क्रमांक ठरलेले असतात, बाकीच्यांनी नाव लिहायचे. तिथे एक जण ‘पारशी’ लिहितो, दुसरा ‘झोरोस्ट्रियन’, आणि त्यांची बेरीज करायची की नाही हे कार्यालयात कोणीतरी ठरवतो.

आकड्याने काय होऊ शकते ते अँग्लो-इंडियनांना विचारा. घटनेच्या कलम ३६६(२) मध्ये त्यांची व्याख्या आहे: पुरुषांच्या बाजूने युरोपीय पूर्वज आणि भारतात वास्तव्य. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत सांगितले गेले की २०११ च्या जनगणनेनुसार देशात अँग्लो-इंडियन फक्त २९६ आहेत. समाजाने या आकड्यावर कडाडून आक्षेप घेतला. तरी १०४ वी घटनादुरुस्ती झाली आणि जानेवारी २०२० पासून त्यांचे नामनिर्देशित प्रतिनिधित्व संपले. ते असावे की नसावे यावर दोन मते असू शकतात. पण भायखळा-माझगाव आणि रेल्वेच्या वसाहती पाहिलेल्या कोणाला २९६ हा आकडा पटेल?

परदेशांचे दाखले आपल्याकडे सोयीने दिले जातात, म्हणून त्यातला एकच जरा सविस्तर घेतो, तोही मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी लोकांची वस्ती आहे. तिथल्या घटनेत लोकांचे चार ‘समुदाय’ केले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि या तिन्हींत न बसणारे सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. निवडून आलेल्या ६२ जागांनंतर उरलेल्या आठ जागा कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समुदायांतल्या पराभूत उमेदवारांना देतात. समुदायाचा प्रश्न जनगणनेतून १९८२ मध्ये काढला, पण जागावाटप तसेच ठेवले. त्यामुळे हिशेब अजून १९७२ च्या आकड्यांवर होतो. उमेदवाराने समुदाय लिहिला नाही तर अर्ज बाद होत असे. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने त्याला आक्षेप घेतला. तिथला मराठी माणूस कायद्याच्या लेखी ‘हिंदू’त धरला जातो, मग तो स्वतःला काहीही म्हणवो. ‘विचारूच नका’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे: प्रश्न बंद केला, वाटप चालू ठेवले, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे आकडे गळ्यात पडले. आपल्याकडे १९३१ चे आकडे मंडल आयोगापर्यंत पुरवावे लागले ते याच कारणाने. सिंगापूरने २०११ पासून ओळखपत्रावर आईबापांचे दोन्ही वंश जोडून लिहू दिले, पण सरकारी घरांच्या कोट्यासाठी पहिलाच धरतात. अमेरिकेत एकाहून अधिक वंश सांगणारे २०१० मध्ये ९० लाख होते, २०२० मध्ये ३.३८ कोटी झाले. एवढी मिश्र लग्ने दहा वर्षांत लागली नाहीत. लिहिलेल्या उत्तराची ३० ऐवजी २०० अक्षरे वाचायला आणि दोनऐवजी सहा संकेतांक द्यायला सुरुवात झाली, हे त्यातले मोठे कारण.

म्हणून जनगणना कार्यालयाकडे मागणी करायची तर ती नेमकी हवी. सांगितलेला शब्द जसाच्या तसा, देवनागरीत, वेगळ्या रकान्यात राहावा आणि प्रवर्गाचा संकेतांक त्याच्या शेजारी, नंतर दिला जावा. कोणता शब्द कोणत्या नावाखाली लावला, याची जिल्हावार संकेतसूची गणनेपूर्वी प्रसिद्ध व्हावी, म्हणजे ठाकूर आणि कोळी यांसारख्या नावांवर हरकती आधीच घेता येतील. परराज्यातल्या नावाला त्या राज्याचा उल्लेख जोडायची सोय असावी. आंतरजातीय कुटुंबात मुलांपुढे आपोआप बापाची जात भरली जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये बापाची जात हे अंतिम उत्तर मानलेले नाही. ‘जात नाही’ आणि ‘सांगितली नाही’ हे पर्याय वेगळे असावेत. दोन्ही एकाच खोक्यात टाकले की अकरा टक्क्यांचे कोडे पुन्हा उभे राहते. धर्माबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे की कोणत्याही नागरिकाला धर्म जाहीर करायला भाग पाडता येत नाही.

आणि गणनेच्या दिवशी घरात कोण असेल, याचा विचार आधीच करून ठेवावा. एका प्रगणकाकडे साधारण सातशे-आठशे माणसांचा गट असतो. तो दुपारी येतो, दार सून किंवा कॉलेजातला मुलगा उघडतो, आणि आजोबांची पोटजात त्याला ठाऊक नसते. दाखल्यावर असलेले पूर्ण नाव, पुढच्या-मागच्या शब्दासकट, एका कागदावर लिहून घरात ठेवावे. स्वतः ऑनलाइन नोंद करणार असाल तर मराठीतून टंकावे, आडनाव लिहू नये. प्रगणकाने पान पुढे सरकवण्याआधी धर्म, जात, मातृभाषा आणि इतर दोन भाषा या चार जागा त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगाव्यात; दोन मिनिटे लागतात. तो मनानेच आडनावावरून जात भरत असेल तर तिथेच थांबवावे. कायद्याने उत्तर द्यायचे असते ते आपल्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे. जातीचा दाखला दाखवायची अट नाही. मागितला तरी देऊ नये.

आपला,
जनगणनेच्या कामाशी संबंधित एक निवृत्त कर्मचारी,
परळ, मुंबई